गुरुवारचे पाय

७ जुलै, रविवार

निवृत्त होऊन पाच आठवडे झाले. एकतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजू तपासले, आता घरात तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. काल स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे पडतंय का ते पाहत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जा ना."

आज चर्चच्या उपासनेत पाळकबाईंनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो उतारा घेतला. प्रवचन चांगलं झालं (बावीस मिनिटं). शेवटी त्या म्हणाल्या, आपल्या मंडळीत एक सेवा सुरू करायची आहे, ज्याला मनापासून वाटेल त्याने भेटावं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. वेळ आहे, अनुभव आहे, देवाला आणखी काय हवं? मी हात वर केला. बाकी कुणी केला नाही, म्हणजे निवड झाल्यासारखीच.

एकच गालबोट लागलं. शेवटच्या गीताला ऑर्गनवाल्याने पुन्हा खर्ज चुकवला. आमच्या ऑर्गनचे खर्जाचे सूर खाली पायाने दाबायच्या पट्ट्यांवर वाजतात. कॉयरमध्ये खर्जात गाणारा मी एकटा. तेव्हा हा प्रकार कुणासाठी चालला आहे ते उघड आहे. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. मी फक्त मंडळीच्या हितासाठी घड्याळ लावून गीतं मोजली होती आणि कमिटीला लेखी कळवलं होतं, की तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं गीत हा गृहस्थ चार मिनिटं चाळीस सेकंद वाजवतो. आकडे बरोबर होते. राग येण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

१० जुलै, बुधवार

'सेवाकार्य : उद्देश, रचना व नियम' हा मसुदा पूर्ण केला. चौदा कलमं. अध्यक्षाच्या नावाची जागा नम्रतेने कोरी सोडली आहे. पात्रता मात्र लिहिली : निरीक्षणाच्या कामाचा किमान तीस वर्षांचा अनुभव.

बायकोने वाचला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

११ जुलै, गुरुवार

पाळकबाईंना मसुदा दिला. वय बत्तीस, पण बाई शांत डोक्याच्या आहेत. चौदाच्या चौदा कलमं वाचली. मग म्हणाल्या, "छान आहे. पण मला नखं कापायला माणूस हवा आहे."

"कुणाची?"

"आपल्या म्हाताऱ्या माणसांची. पायांची. त्यांना वाकता येत नाही, दिसत नाही, हात थरथरतात. घरच्यांना सांगायची लाज वाटते. दर गुरुवारी सकाळी, मागच्या हॉलमध्ये."

"आणि मी त्याचं नियोजन पाहायचं."

"नाही हो. तुम्ही कापायची."

विचार करून सांगतो म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल, इतक्या वरच्या पदावरून उतरलेल्या माणसाला हे काम, वगैरे. तिने विचारलं, "किती वाजता असतं?"

१४ जुलै, रविवार

होकार दिला. प्रभूने स्वतः हे काम केलं, तेव्हा नाही म्हणायला तोंड नाही. पण त्याने एकदाच केलं. दर गुरुवारी नाही. ही शंका मी मनातच ठेवली आहे, इथे फक्त नोंद.

उपासना संपल्यावर दाटीत ऑर्गनवाल्याने माझ्या पायावर सरळ पाय दिला. पूर्ण वजनानिशी! आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मी "आई गं" म्हणालो ते तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू गेलं. हल्ली तो चालतोही पाय आपटत, जणू जमिनीशीही भांडण आहे.

कमिटीला पत्र लिहिलं : खर्जाच्या सुरांबाबत.

१८ जुलै, गुरुवार

पहिला दिवस. शिकवायला सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या नर्सबाई, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज असा की तापसुद्धा घाबरून उतरावा. मी थर्मामीटर नेला होता, पाणी सदतीस अंशांवर ठेवण्यासाठी. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन खिशात टाकला. "कोपर बुडवा. कोपराला बरं वाटलं की पायाला बरं वाटतं."

नियम असे : आधी पाय भिजवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही, शेवटी कानस. जाड नखांना नेलकटर चालत नाही, त्याला पकडीसारखी वेगळी कात्री असते.

पहिल्या आल्या त्या माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इतक्या वर्षांनी माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला कुरूप आहे."

मी म्हणालो, "छे छे, बाई, असं काय बोलता! तुम्ही अजूनही छान दिसता."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. कुरूप तळव्याला होतं, अंगठ्याच्या खाली.

बाईंनी मला कधी शिक्षा म्हणून वर्गात उभं केलं नव्हतं. आज मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर होतो. सहा माणसं, बारा पाय, एकोणसाठ नखं (एका आजोबांचं एक बोट गिरणीत गेलेलं).

१९ जुलै, शुक्रवार

पाठ धरली आहे. काल मी साधारण चाळीस मिनिटं खरोखर नम्र होतो. मग लक्षात आलं की आपण नम्र आहोत, आणि ते गेलं.

२५ जुलै, गुरुवार

आठ जण आले. खुर्चीत बसलेली सगळी माणसं वर छताकडे बघतात आणि छताशीच बोलतात. एका आजींनी छताला सांगितलं की त्यांच्या सुनेचा स्वभाव चांगला आहे, आपणच तिला धड बोलत नाही. एका आजोबांनी छताला सांगितलं की बायको गेल्यापासून पायाला कुणी हात लावलेला नाही. मी कानस चालवत राहिलो. निरीक्षक होतो तेव्हा समोरच्याने तोंड उघडलं की मी वही काढायचो. आज वही काढावीशी वाटली नाही.

रात्रीची प्रार्थना करताना कळलं, मी देवाला कामाचा अहवाल देतो आहे. आकड्यांसकट. थांबलो.

२८ जुलै, रविवार

ऑर्गन असह्य. दुसऱ्या गीतात तर दोन कडवी खर्ज आलाच नाही, आणि मग एकदम भलत्याच जागी भोंग्यासारखा आला. पूर्वी तो वाजवताना बूट काढून मोज्यांवर बसायचा, पट्टी पायाला कळते म्हणायचा. आता बुटांसकट वाजवतो. हा सरळसरळ निष्काळजीपणा. दुसरं पत्र दिलं. त्यात बुटांचाही उल्लेख केला.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा प्रश्न आहे. पण दैनंदिनीत खोटं मोजमाप चालणार नाही.

नंबराच्या चिठ्ठ्या मीच सुरू केल्या आहेत. "नऊ नंबर," मी मान खाली घालून हाक मारली. समोर मोजे घातलेले दोन पाय आले. मी मोजे काढले. नखं वाढून वाकडी झालेली, एका बोटाला रुतून लाल झालेलं. म्हणालो, "काय हो हे, घरी कुणी बघत नाही का तुमच्याकडे?"

"बघतात," वरून आवाज आला. "पण घड्याळाकडे."

बायको होती.

"अगं, तू मला घरी का नाही सांगितलंस?"

"दोन वर्षं गुडघे वाकत नाहीत, हे तुम्हाला दिसलं नाही, ते सांगून काय दिसणार होतं? आणि घरी तुम्ही मला नियम वाचून दाखवले असते. इथे सिस्टर आहेत."

मुख्याध्यापिकाबाई उगाच खोकल्या. मी पाणी बदलून आणलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि कापायला घेतलं. दहा बोटांना पंचवीस मिनिटं लागली. शेवटी ती छताला म्हणाली, "हात हलका आहे, नाही?" सिस्टर म्हणाल्या, "हळूहळू होतोय."

घरी येताना तिने माझा दंड धरला होता.

८ ऑगस्ट, गुरुवार

सिस्टरनी आज नवीन धडा दिला. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाची संवेदना जाते. बोट कापलं तरी कळत नाही, आणि जखम चिघळत जाते. अशांची नखं आधी सिस्टरना दाखवल्याशिवाय मी कापायची नाहीत. तपासायचं कसं तेही शिकवलं : डोळे मिटायला सांगायचे आणि कापसाची वात बोटांना लावत विचारायचं, लागतंय का.

एका आजोबांच्या दहाही बोटांना वात लावून झाली. ते डोळे मिटून बसले होते. शेवटी म्हणाले, "करा की सुरू. किती वेळ थांबू?"

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. आजोबांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

कमाल आहे. म्हणजे अशा माणसाने दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तरी त्याला पत्ता नसेल.

११ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात माझा आवाज बंद झाला. घसा नाही, डोकं. खर्ज पुन्हा चुकला होता, आणि मी सवयीप्रमाणे रागाने ऑर्गनकडे पाहिलं. तो वाकून खाली बघत होता. पट्ट्यांकडे. पाय कुठे आहे ते डोळ्यांनी शोधत होता.

पाय आपटत चालणं. बूट. माझा पाय.

कॉयरमध्ये मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो, गीत संपेपर्यंत.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो : पाळकबाईंना सांगावं, म्हणजे मला जावं लागणार नाही. दुसऱ्यांदा वाटलं : माझा अंदाज चुकीचा असेल, आणि तो मला हाकलून देईल. तिसऱ्यांदा वाटलं : माझी दोन पत्रं कमिटीच्या कपाटात आहेत. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टब घेऊन जा. लहान नको, मोठा."

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दहाला त्याच्या दारात. एकटाच राहतो, शिकवण्या घेतो. दार उघडलं. माझ्या काखेत टब, खांद्यावर टॉवेल.

"काय मोजायला आलात?"

"तुमचे पाय बघायला आलो आहे."

दार लागलं. मी पायरीवर बसलो. अर्धा तास झाला. आत पियानोवर कुणी शिकाऊ मुलगी स्वर घोटत होती, ती शिकवणी संपवून माझ्या टबाला वळसा घालून गेली. तो पुन्हा दारात आला.

"अजून इथेच?"

"अकरा वर्षांपूर्वी मी ते कागदावर मांडायला नको होतं," मी म्हणालो. "आकडे बरोबर होते, पण मांडायला नको होते."

"आकडेही चूक होते. दोन कडव्यांमधला थांबा तू गीतात धरलास."

मी विचार केला. खरंच धरला होता. अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"चूक माझी," मी म्हणालो. एकतीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी लिहिले नव्हते, उच्चारलेही नव्हते. त्याने दार पूर्ण उघडलं.

खुर्चीत बसला. उजवा बूट निघेना. मोजा तळव्याला चिकटला होता. ओढून काढलेला बूट उलटा केला तर तळातून एक खिळा आत आलेला, चांगला करंगळीच्या पेराएवढा. त्याच्यावर तो चालत होता, उभा राहत होता, वाजवत होता.

"हा कधीपासून?"

तो खिळ्याकडे बघत राहिला. "मला माहीत नाही," म्हणाला. "मला वाटलं मोजा ओला होतोय. घामाने."

दोन बोटं काळी पडली होती. वास होता. माझ्या हातात कात्री होती, पाणी कोमट होतं, कोपर बुडवून पाहिलेलं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. मी पायाला पाणी लागू दिलं नाही, स्वच्छ टॉवेल गुंडाळला आणि म्हणालो, "चल. दवाखान्यात."

"रविवारी कोण वाजवणार?"

"कुणी नाही."

"ते पायपट्ट्यांचं म्हणजे काय आहे," तो गाडीत म्हणाला, खिडकीबाहेर बघत, "खाली पट्टी आहे की नुसती हवा, हेच कळत नाही. सहा महिने अंदाजाने चाललंय. कुणाला सांगणार? ऑर्गन काढून घेतला तर रविवारी मी जाऊन बसायचं कुठे?"

१४ ऑगस्ट, बुधवार

दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. पाळकबाईंनी त्याच्या खाटेजवळ प्रार्थना केली. मी डोळे मिटले होते, पण प्रार्थना करत नव्हतो, पत्रांचा विचार करत होतो.

बाई गेल्यावर सांगून टाकलं. "मी तुझ्याविरुद्ध कमिटीला दोन पत्रं दिली आहेत."

"माहीत आहे. मला दाखवली त्यांनी." मग म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं."

मग मी रडलो. त्याने मला पाण्याचा पेला दिला. पेशंट तो, आणि पाणी मी प्यालो.

१८ ऑगस्ट, रविवार

ऑर्गनविना उपासना. गीत मला सुरू करायला सांगितलं. घड्याळ लावणार नव्हतो, पण हात आपोआप गेला. तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं गीत माझ्या नेतृत्वाखाली मंडळीने पाच मिनिटं दहा सेकंद गायलं. चौथ्या कडव्यापर्यंत निम्मे लोक बसले.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आकडा त्याला सांगितला. थांबे वगळून. तो इतका हसला की नर्स धावत आली. ती म्हणाली, कशाला दमवता त्यांना. मी म्हणालो, सेवा करतोय.

३१ ऑगस्ट, शनिवार

तो घरी येऊन आठवडा झाला. एक दिवसाआड पट्टी बदलायला मी जातो, सिस्टरनी शिकवली आहे. तो सरळ नाही. पट्टी घट्ट झाली म्हणतो, सैल झाली म्हणतो, चहा पाणचट केलास म्हणतो. मी एकदा वैतागून म्हणालो, "जरा तरी आभार मानावेत माणसाने!" तो म्हणाला, "का? त्यासाठी करतोयस का?"

घरी येईपर्यंत उत्तर शोधत होतो. ठरल्या दिवशी पुन्हा गेलो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज चौदा जण. हॉलच्या कडेला तोही होता, काठी घेऊन, सिस्टरकडून पाय तपासून घ्यायला. अकरा नंबरचा भरलेला टब उचलला आणि माझी कंबर कडकन धरली. सरळही होता येईना, बसताही येईना. सिस्टरनी मला दोन्ही बगलांतून धरून समोरच्या खुर्चीत टाकलं. म्हाताऱ्यांच्या खुर्चीत.

"बसा गप," त्या म्हणाल्या. "आणि तुमची स्वतःची नखं कधी कापलीत?"

"मी माझं घरी—"

"वाकता येतंय का?" हे ऑर्गनवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

तो काठी टेकत आला, माझ्या स्टुलावर बसला, आपला पट्टीचा पाय बाजूला लांब केला आणि म्हणाला, "बूट काढ."

"अरे, नको. राहू दे. सगळे बघतायत."

सगळे बघतच होते. मुख्याध्यापिकाबाईंनी तर चष्मा पुसून घातला. मला तो शिष्य आठवला, जो प्रभूला म्हणाला की माझे पाय तू धुवायचे नाहीत. आजवर मला वाटायचं, काय हटवादी माणूस.

बूट काढला. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. आठ आठवडे सगळ्यांचे मोजे मी काढले, कुणाचं भोक पाहून काही बोललो नाही, पण पाहिलं मात्र दर वेळी. त्यानेही पाहिलं. बोलला नाही.

पाय पाण्यात गेला. मी छताकडे बघायला लागलो. तिथे काही नाही, हॉलला रंग द्यायला झालाय इतकंच. पण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नाही. आणि बघता बघता मी छताला सांगून टाकलं की निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून निघताना मला फाटकापर्यंत सोडायला कुणी आलं नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्याची कात्री एक क्षण थांबली, मग पुन्हा चालू झाली. त्याला हे काम मुळीच येत नाही. सरळ कापायचं म्हणून सिस्टर तीनदा ओरडल्या. करंगळीला चिमटा बसला.

"लागलं का रे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

बोटांच्या बेचक्या त्याने एकेक करून पुसल्या, सावकाश, चार चार वेळा. मग मान वर न करता ओंजळ पुढे केली. मी दुसरा बूट काढला आणि पाय त्याच्या हातात दिला.